तीन वाघ, पंधरा बकऱ्या

पहिला पट केला तो सापशिडीचा.
साप कापले सायकलच्या फुटक्या ट्यूबमधून,
शिड्या पऱ्हाटीच्या काड्यांच्या,
शंभर घरं सुतळीनं आखून चिकटवली.
पंक्चरचं दुकान बंद करून चार रात्री घातल्या,
आणि पाचव्या दिवशी गेलो पिठाच्या चक्कीवर
निरंजना तोडसामकडे,
जसं काही बक्षीस द्यायला.

तिनं पीठ झटकलं, बोटं फिरवली,
ज्वारीतला खडा शोधावा तशी.
मी कौतुकाची वाट बघत उभा.
"हा साप खाली उतरते का वर चढते?"
तोंड आणि शेपूट मी सारखंच कापलं होतं.

तरी दोन डाव झाले.
तिनं चाचपलं की सोंगटी सरकायची.
राहू दे, मी ठेवतो तुझी, म्हणालो.
पुन्हा म्हणालो.
तिसऱ्यांदा तिनं पट माझ्याकडे ढकलला.
"मंग तूच खेळ न दोघांचं.
अन् आम्हाले काऊन रे दानावरच सोडता?
हरीन मी. पण माह्या चुकीनं हरीन."
पट्टा चढवला, चक्की सुरू केली,
पुढचं बोलणं पिठात गेलं.

तिच्या भाच्याच्या मोबाइलात खेळ आहेत ढीगभर.
बोट ठेवलं की फोन बोलतो:
बटन. बटन. नाव नसलेलं बटन.
"सारी वस्तीच बेनाम हाय याची," ती म्हणते
आणि फोन परत देते, न रागावता.

तिचा बाप गुरं चारायचा.
माळावरच्या खडकावर वाघ-बकरीचा डाव कोरलेला,
माणसं खेळायची,
ही बाजूला बसून फक्त भांडणं ऐकायची.
हे तिनं सांगितलं मिरची दळताना, शिंका देत देत,
आणि मी जुनी सागवानी फळी शोधायला लागलो.

रेषा छिन्नीनं, नख अडकेल एवढ्या खोल.
तेवीस जागा, तेवीस भोकं.
वाघ म्हणजे व्हॉल्व्हच्या पितळी नळ्या, बोटाला गार.
बकऱ्या स्पोकचे तुकडे, डोक्यावर रबराची टोपी.
आता कितीही चाचपा, कोणी जागचं हलत नाही.
जागांना नावं तिनं दिली:
पिंपळ, डोह, फाटा, मास्तरचं घर.
चाल करायची तर बोलून करायची.
मी एकदा बोललो नाही.
ती गिऱ्हाइकाचा डबा मोजत होती,
मी वाघ हळूच उचलून फाट्यावर खोचला.
"टक झालं एक," पाठ न वळवता म्हणाली,
"नाव नाही आलं."
मी वाघ मागे नेला. तेही बोलून.

तुम्हाला वाटेल, मग लाइन गेली असेल,
अंधारात सगळे सारखे झाले असतील.
नाही. लाइन होती, व्होल्टेज फुल,
वर शंभरचा बल्ब, पिठानं पांढरा झालेला.
मला सगळं दिसत होतं.
चार बकऱ्या तिनं मला खाऊ दिल्या,
पाचवी पुढे केली, मी तीही खाल्ली,
आणि पिंपळावरून निघायला वाटच उरली नाही.
दुसरा वाघ डोहात, तिसरा मास्तरच्या घरी.
तिन्ही कोंडलेले. रांगेतल्या बाया हसल्या.
एक म्हणाली, दळण होऊ दे बाई आधी.

डोहाचं भोक वाकडं पडलंय,
तिथं सोंगटी जरा कलून राहते.
बुजवून नवं पाडतो म्हणालो.
"हात लावू नको. तिथं आली का मले समजते
मी कुठं हाओ."

काल म्हणाली, आता कॅरम.
रात्रभर स्ट्रायकर हातात घेऊन बसलो.
एकदा डोळे मिटून नेम धरून पाहिला,
लाज वाटली, उघडले.
सकाळी चक्की उघडली की जाईन,
तिलाच विचारीन.