तेलाचा आवाज

रत्नमाला विट्याला गेली, बहिणीच्या बाळंतपणाला.
जाताना म्हणाली, घोसाळी निबर व्हायच्या आत काढा.
वेल चौगुल्यांचा. मूळ त्यांच्या परसात,
घोसाळी भिंत ओलांडून आमच्याकडं.
दिवाळीपासून हौसाक्का आणि आमच्यात बोलणं नाही,
मोरीच्या पाण्यावरून गेलं ते.
वेलाला कुणी सांगितलं नव्हतं.

रविवार. यार्ड बंद.
आठवडाभर हळदीचे सौदे, पोती, काटा;
नखांच्या कडेनं पिवळं बसलंय, आंघोळीनं जात नाही.
पिठात वेगळी हळद घालावी का
यावर मी ओट्याशी उभा राहून जरा विचार केला,
मग घातली चिमूटभर, रीत म्हणून.

डाळीचं पीठ तीन मुठी. माझ्या तीन, म्हणजे तिच्या पाच.
तांदळाचं थोडं. ओवा तळव्यावर चोळून.
हिंगाची डबी शोधताना
तेवीस वर्षांचा संसार उघडून बघावा लागला:
रबरं, औषधाच्या रिकाम्या पट्ट्या,
पोराचा दहावीचा फोटो, जादा निघालेला,
एक किल्ली, तिचं कुलूप आता कुठल्याच दाराला नाही,
आणि मेथ्यांच्या मागं, अगदी हाताशी, हिंग.

पीठ पातळ झालं. पीठ घातलं.
घट्ट झालं. पाणी घातलं.
असं करत एका माणसाचं पीठ
पाच माणसांचं झालं.
सांगलीच्या यार्डात माझ्या काट्यावर
पोत्यामागं पावशेर इकडचं तिकडं होत नाही.

चकत्या पहिल्या जाड, मग फार पातळ,
शेवटच्या दोन-तीन बऱ्या.
तेलात थेंब सोडला, तळाशी जाऊन बसला.
दुसरा सोडला, तो हसत वर आला.
मग हाव सुटली, एकदम नऊ चकत्या.
कढई गप्प.
नुसती मऊ पिवळी तरंगत राहिली,
तलाठी ऑफिसात बसलेल्या माणसांसारखी.

तेव्हा भिंतीपलीकडून,
दिवाळीनंतर पहिल्यांदाच:
"ओ तोलार, तेल गार पडलंय तुमचं.
आवाज येईना."

मी काही बोललो नाही. काय बोलणार?
गॅस मोठा केला.
हळूहळू कढईच्या कडेनं बुडबुडे धरले,
मग मधून, मग सगळीच बोलायला लागली.
पलीकडं सुपात काही पाखडणं चाललं होतं, थांबलं होतं,
ते पुन्हा सुरू झालं.

पहिला घाणा तेल पिऊन बसलेला. तो मी खाल्ला,
उभ्यानंच, जीभ भाजत.
कांदा चिरून ठेवला होता पुढच्याला.
हात पिठाकडं गेला आणि तिथंच राहिला.
चौगुल्यांत कांदा चालत नाही.
दिवस मावळल्यावर ताटही नाही.
खिडकीतून बघितलं:
पाण्याच्या टाकीवर ऊन अजून हातभर.
हातभर म्हणजे दोन घाणे.

या खेपेला चारच सोडल्या. मग चार.
फुगल्या, कडेनं लाल धरल्या,
झाऱ्यावर घेतल्या तर खुळखुळल्या.
स्टीलची ताटली, वर वाटी पालथी, कावळ्यासाठी.
भिंतीवर ठेवली, वेलाची दोन पानं बाजूला सारून.
हाक मारायची तर "अक्का" म्हणावं लागलं असतं.
झाऱ्यानं भिंतीवर दोनदा टकटक केलं
आणि आत आलो.

मग कांदा पिळून पिठात टाकला,
मिरची, मीठ, उरलासुरला ओवा,
आणि मूठभर सोडला कढईत.
तेल इतकं तापलं होतं, असं कडाडलं,
की पलीकडं वाटी उचलली गेली का,
ते काही ऐकू आलं नाही.