हातचा एक

ग्रिम्सबीच्या गोदीवर पहाटेचे तीन.
लिलावाचा हॉल रिकामा, नुकताच धुतलेला,
आणि चौदा नंबरच्या काट्याला दशांश-चिन्ह ठाऊक नाही.

त्याच्या चिपला पूर्णांक येतात. बेरीज, वजाबाकी,
आकडे एक घर डावीकडे, एक घर उजवीकडे.
अपूर्णांकांचा भागाकार तिच्यात कुणी कोरलाच नाही,
स्वस्त पडावी म्हणून.
नवा प्रोग्रॅम मात्र साहेबी थाटात येतो, म्हणतो,
हे एवढे कच्चे आकडे, भागिले दोनशे एकोणीस पूर्णांक सात.
चिप थबकते.

अवैध सूचना.
इथे बहुतेक यंत्रं मान टाकतात.
माझा पगार एवढ्याचाच, की हिनं टाकू नये.

म्हणून खाली, कर्नलच्या तळघरात,
मी एक माणूस बसवलाय.
माणूस कसला, चारशे ओळी.
हाक आली की तो आधी सगळं होतं तसं झाकून ठेवतो,
फोडणीवरून उठताना आच मंद करावी तसं,
मग ती न कळलेली सूचना उजेडात धरतो:
हे सहा बिट म्हणजे काय करायचं,
हे पाच म्हणजे कुठून घ्यायचं, हे पाच, कुठे ठेवायचं.
बत्तीस खणांचं जे कपाट या चिपला कधी मिळालंच नाही
ते त्यानं मेमरीत खडूनं आखून घेतलंय.
आणि तो भागाकार करतो, हातानं.
सरकव, वजा कर,
सरकव, वजा कर,
हातचा एक.

इचलकरंजीला सूतपेढीवर माझे मामा,
पेरांवरून अंगठा फिरवत, डोळे मिटून,
पावकी, निमकी, पाऊणकी,
सात औट साडेचोवीस.
गिऱ्हाईक मागे वाकून बघायचं, मशीन कुठे ठेवलंय.
मामा काही बोलायचे नाहीत.
तेवढं हातचं राखून.

पण काटा अडकलाय.
उत्तर बरोबर. पुन्हा बरोबर. पुन्हा.
सेकंदाला चाळीस हजार वेळा तोच भागाकार, तेच उत्तर,
आणि पडद्यावर ०.००
मी एकेक बिट तपासला. थर्मासच्या झाकणात चहावर साय धरली.
बाहेर सीगल पक्षी भांडून दमले.
साडेचारला चूक सापडली, जी ओळ लिहिलीच नव्हती तिच्यात.
काम करून दिलं होतं,
पुढे जा म्हणायचं राहिलं होतं.
परत धाडताना चार बाइट पुढे सोडायचं असतं,
नाहीतर जो जिथे अडखळला, तिथेच येऊन उभा राहतो
आणि परत अडखळतो,
तितक्याच प्रामाणिकपणे.

अधिक चार. एवढंच लिहिलं.

सहाला आइसलंडचा हॅडॉक आला, बर्फासकट.
ट्रेव्हर ब्लेड्सनं पहिली पेटी आदळली.
काट्यानं श्वास घेतला, डोळ्याला न दिसेल इतका,
३७.४६
वरच्या प्रोग्रॅमला वाटतंय, ही चिप हे पोटातूनच शिकून आली.
वाटू दे.
ट्रेव्हरनं पेटी ओढली, दुसरी टाकली,
नाक बाहीला पुसलं.

ग्लेनिस पावत्यांची वही घेऊन येते.
"ऑलराइट, लव?"
ही सूचना माझ्यात मुळात नव्हती.
पहिल्या वर्षी मी खरंखुरं उत्तर द्यायचे,
झोप लागत नाही, आईचा गुडघा, व्हिसाचं पत्र,
आणि ती बिचारी वही छातीशी धरून
हो हो करत उभी राहायची, मागे रांग वाढत.
आता हाक खाली जाते,
कुणीतरी बिट वेगळे करतं, जिभेवर उत्तर ठेवतं:
"ऑलराइट. यू?"
ग्लेनिसला काही जाणवत नाही. किंवा जाणवतं,
तीही पुढे निघालेली असते.

मी चार बाइट पुढे,
पंधरा नंबरच्या काट्याकडे.