माळ्याचं पोट

भिंत सोपी असते, बाबालाल मिस्त्री म्हणतात.
भिंतीवर मारलेला माल भिंत धरते,
थोडा सांडते, तो पायाशी पडतो,
घमेल्यात परत भरता येतो.
छताचं तसं नाही.
छत आधी नको म्हणतं.

सहा वर्षं झाली मी त्यांच्या हाताखाली.
वाळू चाळणं माझं, माल कालवणं माझं,
भिंतींना आदल्या सांजेला पाणी पाजणं माझं,
घमेलं वर देणं माझं.
ते परांचीवर मान मोडून उभे,
थापीवर माल घेतात, मनगटाला एक झटका,
चप्प.
त्या आवाजावरून मला खालून कळतं
पाणी जास्त झालंय का सिमेंट कमी पडलंय.
कळतं, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

घर लेंगऱ्यातलं. मालक कोइमतूरला,
सोनं गाळायचं दुकान.
दर रविवारी फोनमधून घर बघायचे,
"जरा डावीकडं फिरवा मिस्त्री... आता वर..."
बाबालाल फोन फिरवायचे
आणि मी चौकटीतून बाजूला व्हायची.

त्या दिवशी सुनेला विट्याला दवाखान्यात नेल्याचा निरोप आला.
तीन घमेली माल कालवून ठेवलेला,
तासाभरात त्याचा दगड.
"टाकून दे बांधावर," म्हणाले आणि गाडीला किक मारली.

बांधापर्यंत गेले.
टाकवेना.

स्वयंपाकघरातल्या माळ्याची खालची बाजू राहिली होती.
दोन फूट रुंद, नऊ फूट लांब,
टाचे मारून खडबडीत केलेली.
दोन पिंपं, वर फळी, फळीवर मी,
पदर खोचलेला, डोक्याला टॉवेल.

पहिली थापी तोंडावर आली.
दुसरी गळ्यात.
तिसरी राहिली. राहिली म्हणेपर्यंत पडली.
डोळ्यात सिमेंट गेलं तर चोळायचं नसतं,
पाणी मारायचं, एवढं माहीत होतं.
माहीत नव्हतं ते हे, की नुसतं फेकायचं नसतं.
फेकता फेकता शेवटाला दाबायचं,
तव्यावर भाकरी टाकताना
हात सोडतो पण आणि पोचवतो पण,
तसं.

मग त्यानं धरलं.
मग हात चालला. फळीनं ओढलं,
रंधा गोल गोल, पाणी शिंपडून पुन्हा रंधा.
कोपऱ्याची धार काढायला पट्टी सापडेना,
जेवणाच्या डब्याच्या झाकणानं काढली.

मानेचं काय सांगू.
दोन दिवस ताट उचलून
तोंडासमोर धरून जेवले.

सकाळी बाबालाल आले. नातू झालेला, पेढा दिला.
आत गेले.
माळ्याखाली थांबलेले मला खिडकीतून दिसत होते.
बोटाच्या पेरानं वाजवत निघाले
या टोकापासून त्या टोकाला. टक. टक. टक.
मी वाळू चाळत होते.
चाळत कसली, चाळण धरून उभी होते.
चुलीच्या कट्ट्यावर आले आणि
डब.
पुन्हा वाजवलं. डब.

बाहेर येऊन तंबाखू मळत म्हणाले,
कुणाला म्हणाले कुणास ठाऊक,
"वीतभर पोकळ हाय. बाकी बसलंय."
"फोडू का तेवढं?"
"ऱ्हाऊ दे. माळ्याखाली कोण बघतंय."

बाजाराच्या दिवशी हजेरी मिळाली.
चारशेच्या हिशोबानं, नेहमीसारखी.
त्यात गवंड्याचा एक तास कुठं लिहिणार.

रविवारी फोन आला.
हॉल झाला, जिना झाला, देवघर झालं.
स्वयंपाकघरात बाबालालनी फोन वर धरला,
माळ्याच्या पोटाखाली,
आणि हात हलवलाच नाही.
मी सवयीनं बाजूला झालेली.

"दिसलं, दिसलं," मालक म्हणाले, "पुढं चला."

बाबालाल तिथंच.
"नीट बघा," म्हणाले.
"नेटवर्क जातंय बघा मधी मधी."