पंचविसाला एक

मे महिन्यात चाळीसगावात रंग ब्रशवरच सुकतो,
म्हणून पहाटे साडेचारला बसतो.
खोक्यातून निघालेली इम्पाला, एकोणसाठची,
सगळे भाग फांदीला कैऱ्या लटकाव्यात तसे.

स्टिअरिंग डावीकडे.
ओस्तवाल शेठच्या गाडीचं उजवीकडे होतं,
अकरा वर्षं अण्णांच्या हातात.
डॅशबोर्ड कापला, बाजू बदलून चिकटवला.
किटला दोनच दारं; मागच्या दारांच्या रेघा
सुईने कोरल्या.

कागदावर रंग फिरोजी लिहिलाय.
अण्णा म्हणतात, केळीचं पान
उलगडायच्या आधी असतं ना, तो.
चार बाटल्या गेल्या त्या पानापायी.

शेवटी सुई तापवून मडगार्डवर पोचा पाडला,
तांदळाच्या कणीएवढा.
मेहुणबाऱ्याच्या पुलावर
कापसाची गाडी घासली होती, तो.

अण्णांनी इम्पाला तळहातावर घेतली,
चांगल्या डोळ्याजवळ नेली, चाचपली.
'आठे नही रे भाऊ, तठे.'
दोन कण्या पुढे.

मग त्यांचं नख मागच्या दाराच्या रेघेत शिरलं.
ते दार उघडत नाही,
हे मी सांगितलं नाही.
अण्णा तसेच थांबले, जरा वाकून,
शेठ आत बसेपर्यंत.