साखरेचा एक कण

मार्चमधल्या एका मंगळवारी सुरी घसरली.
कालव डाव्या हातात, पातं उजव्या,
हातमोजा फाटला म्हणून काढून ठेवलेला.
एकवीस वर्षं मी या दक्षिण ब्राझीलच्या धक्क्यावर कालवं उघडतेय;
माझा हात मला कधी शोधावा लागला नव्हता.

सर्जनने केसाहून बारीक दोऱ्याने नस शिवली.
म्हणाला, ही वायर नव्हे, जोडली की दिवा लागायला.
कापलेल्या जागेपुढचा धागा झडून जाईल,
उरेल रिकामी नळी.
मग मनगटापासून तो पुन्हा चालत निघेल,
दिवसाला एक मिलिमीटर.

ओस्नीने घरी येऊन साखरेच्या डब्यातला एक कण
टेबलावर ठेवला.
एवढं, म्हणाला. रोज.

अंगठा, तर्जनी, मधलं बोट,
आणि अनामिकेची अर्धी बाजू,
नेमकी अर्धी,
भावांनी बांध घालून वाटून घ्यावी तशी.
एप्रिलमध्ये कॉफीच्या किटलीला हात टेकला.
आधी वास आला, मग फोड दिसला.
दुखणं आलंच नाही.
मी त्याची वाट पाहत बसले
उशीर झालेल्या पाहुण्याची पाहावी तशी.

सोमवार, बुधवार, शुक्रवार. दोन बस बदलून केइलाकडे.
ती मला हिरवा चष्मा लावते, स्वतःला लावते,
आणि पेनाएवढ्या दांडीतून
डाळिंबाच्या दाण्याएवढा लाल ठिपका
मनगटावर टेकवते. चाळीस सेकंद.
मग बोटभर पुढे. चाळीस सेकंद.
ऊब नाही, टोचणी नाही.
चालू आहे ना, मी विचारलं.
सगळे हेच विचारतात, ती म्हणाली.

याने नस वाढते?
तिने दांडी खाली ठेवली.
उंदरांच्या पायांत वाढली.
माणसांत काहींचा हात लवकर आला, काहींचा नाही.
त्यात उजेड किती आणि दिवस किती,
मला वेगळं काढता येत नाही.

ती छातीठोक हो म्हणाली असती
तर मी पुन्हा गेले नसते.

टिचकी मारली की मुंग्या येतात
तिथवर नस पोचली म्हणायची.
ओस्नी दर रविवारी टिचक्या मारतो,
क्रेट मोजायच्या पेनाने रेघ ओढतो, तारीख लिहितो.
मे महिन्यात मुंग्या तळव्याच्या उंबऱ्याशी.
जूनमध्ये मासळीचे थवे आले, सगळा गाव जाळी ओढायला वाळूवर,
माझ्या मुंग्या आयुष्यरेषेवर.
खाऱ्या पाण्याने रेघा पुसतात.
तो पुन्हा ओढतो, कधी थोडी पुढेच;
मी बोलत नाही.

ऑक्टोबर. डोळे मिट, म्हणाला.
शिंपल्याची कड टेकवली.
कुठलं बोट?
मधलं.
तो गप्प.
तर्जनी होती.

धागे दार चुकले, केइला म्हणते.
आता डोक्याने नवे पत्ते पाठ करायचे.
मी वाटाण्याच्या डब्यात बटण शोधते, चावी शोधते,
चमचाभर तांदूळ पडल्यासारखी सांडते.

काल धक्क्यावर गेले, नुसतीच, क्रेट उचलायला.
कालवाची धार बोटात रुतली
आणि मी ओरडले, इतकी,
की पलीकडून जुरेमा धावत आली. रक्त?
नाही गं, दुखलं!
आणि हात पुढे केला तिला दाखवायला,
जिथे दिसण्यासारखं काहीच नव्हतं.