उलटा पंखा

चोपडा स्टँडच्या मागे, हिलाल मिस्त्रीच्या शेडमध्ये
दुपारी अडीचला पत्रा तडतडत होता.
आमची गाडी, म्हणजे लिलावात घेतलेली जुनी रुग्णवाहिका
(लाल फुली घासून काढली, तरी उन्हात पुन्हा उमटते),
नाक पूर्वेला करून उभी केली.
फ्रिजची बाजू सावलीत हवी, एवढं मला कळलं होतं.
बाकी काही नाही.

दूध धुळ्यातच फाटलं.
नरडाण्याला काकडी निघाली ती उकडल्यासारखी.
शिरपूरच्या पुढे मालनने काही न बोलता
इन्सुलिनच्या दोन बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळल्या
आणि मांडीवर घेतल्या,
माझ्या गाडीत बाया अंड्यांची टोपली घेऊन बसायच्या तशा.

पस्तीस वर्षं एसटी चालवली.
गावं पाहिली ती दहा-दहा मिनिटं:
चहा, मुतारी, डबल बेल.
म्हणून हे चाकांवरचं घर.
म्हणून हा फ्रिज, जो विजेवर नाही,
गॅसवर चालतो.

हिलालने वाकून निळी ज्योत पाहिली, मग मला पाहिलं.
"आगवर थंड?"
"आगीवर थंड."
"मंग आपलं चोपडं ते बरफ व्हई जावाले पाहिजे व्हतं."

मागची जाळी उघडली.
काळ्या नळ्यांवर जिनिंगचा कापूस चिकटलेला,
कोपऱ्यात कुंभारणीचं मातीचं घर,
आणि कोंडलेली धग,
बंद खोलीत कुणीतरी रागावून बसल्यासारखी.

सायबर कॅफे बंद पडला, त्याच्या भंगारातून
हिलालने दोन पंखे आणले, तळहाताएवढे.
वरच्या झरोक्याला बसवले, वायर बॅटरीला.
ते गुणगुणू लागले.
आम्ही दोघं समोर बसून राहिलो,
चुलीवर दूध ठेवून बसावं तसे.
अर्ध्या तासाने काटा उतरला नाही.
चढला.

हिलालने बिडी पेटवली.
मला वाटलं, हरला.
पण त्याने ती खालच्या झरोक्यापाशी धरली.
धूर आत जायला हवा होता, वर निघायला हवा होता.
तो सरळ त्याच्याच डोळ्यांत आला.
"उलटा बठाडा," म्हणाला, आणि इतका हसला
की मालनसुद्धा हसली, तीन दिवसांनी.

पंखे फिरवून लावले. पुन्हा बिडी.
धूर आत गेला, नळ्यांमधून चढला,
वरून सुतासारखा बाहेर.
"थंडं कोनी करत नही, भाऊ.
गरम शे ते बाहेर काढनं पडस."
साडेतीनशे झाले. तीनशेच घेतले.
उलटं बसवल्याचे पन्नास त्याने स्वतःच कापले.

रात्री मुक्काम उनपदेवला.
मे महिन्यात गरम झऱ्याकाठी कोण झोपतं?
आम्ही.
दगडी गायीच्या तोंडातून वाफाळतं पाणी पडत होतं,
जमीनही आपलं बाहेर टाकत होती.
उतारावर हा फ्रिज चालत नाही,
म्हणून पेल्यात पाणी घेऊन मी गाडीची पातळी पाहिली,
डाव्या चाकाखाली विटेचा तुकडा,
मग अजून अर्धा.
वरच्या झरोक्याखाली एक कुत्रं झोपलं होतं.
गरम वारा अंगावर आल्यावर उठलं,
माझ्याकडे पाहून पलीकडे गेलं.

अंधारात मालन म्हणाली,
"फिरणं मला आवडत नाही असं नाही.
घर विकताना तुम्ही मला विचारलं नव्हतं."

माझ्याकडे उत्तर तयार होतं, अकरा महिन्यांपासून.
दुपारचा धूर आठवला, कोणाच्या डोळ्यांत गेला तो.
मी गप्प राहिलो.
ती बोलत राहिली, बराच वेळ,
स्वयंपाकघराच्या खिडकीबद्दल, कढीपत्त्याबद्दल,
सही करताना मी दिलेल्या पेनाबद्दल.
मागे ते दोन पंखे चालूच होते.

मग ती झोपली.
मी टॉर्च लावून काटा पाहिला
आणि जुन्या सवयीने लॉगशीट आखून लिहिलं:
सव्वातीन. बाहेर चौतीस.
आत सात.