आटलेल्या तलावात

वैशाखात तलाव आटला
की सुखदास नान्हेचं जाळं खुंटीला जातं
आणि खाटेखालची गोणी बाहेर येते.
गोणीत पतंग. कापडी, निळा, एकही काडी नसलेला.
गोव्याच्या किनाऱ्यावर तो खुर्च्या उचलायचा,
तेव्हा कुणीतरी फाटका म्हणून टाकून दिलेला.
आता त्याला छत्रीच्या कापडाचं काळं ठिगळ आहे.

पहिल्या दिवशी त्यानं मला दोरीला हात लावू दिला नाही.
"सिस्टर, आधी वारा पाहा."
पाळीवर बसून मुठीतली धूळ सोडत राहिलो.
"दुपारचा वारा लबाड. झटक्यानं येते, झटक्यानं जाते.
पाचनंतरचा एका चालीनं येते.
पळसाचं पान हाललं, चालते.
फांदी वाकली, गोणी बांधा."

दुसरा दिवस नुसता पावलं मोजण्यात गेला.
दोरी वीस मीटर, म्हणून चहूकडे साठ पावलं मोकळी.
पाळीवरून अकरा हजारची लाईन जाते,
तिच्यापासून दोनशे, वर आणखी पन्नास.
शेळ्या हाकलल्या.
पोरं माझ्या पाठीमागे, वाऱ्याच्या वरच्या अंगाला,
लसीकरणाला बसवते तशी ओळीत बसवली.
डोक्याला नवऱ्याचं हेल्मेट, हातात तूर कापायचे मोजे.

संक्रांतीच्या आठवड्यात मी दवाखान्यात
मांजानं चिरलेली बोटं बांधते.
ह्या दोरीला काच नाही,
पण ताणलेली दोरी पातंच असते.
सुखदासच्या तर्जनीवर जुना वळ आहे,
एका मरळ माशानं दिलेला.

मग त्यानं आकाशात घड्याळ काढलं.
"बारावर ठेवला तर नुसता लटकते.
दहावर, दोनवर, ओढते पण ऐकते.
मधात, काटे जिथं जोडले, तिथं नेऊ नका.
तिथं बैल बांधला आहे."

आणि सगळ्यांत आधी, उडवण्याच्याही आधी, सोडणं.
मनगटाला पट्टे.
मुठी उघडल्या की ताण मागच्या दोऱ्यांवर जातो
आणि पतंग कापड होऊन खाली बसतो.
सोडा. उचला. सोडा.
मला जमेना.
धरणं मला येतं:
सलाईनची बाटली, बाळाचं डोकं,
भंडाऱ्याच्या बसचा दांडा,
पाच वर्षं पगार थकला तरी नोकरी.
सुखदास हसला नाही. म्हणाला, आणखी दहा वेळा.

आठव्या दिवशी मी बारावरून दोनवर, दोनवरून बारावर
तासभर नेत होते, शहाण्यासारखी.
मग हाव सुटली.
जरासा मधात नेला.
तेवढ्यात बेशरमाच्या झुडपांतून वावटळ उठली
आणि बैल सुटला.
टाचा वाळल्या गाळात रुतल्या, गाळ फुटला,
मी पुढे, पतंगाच्या मागे, हेल्मेटच्या आत माझाच श्वास मोठा.
पोरं ओरडली, "ओ काट!"
सुखदास ओरडला नाही.
मला ऐकू आला माझाच आवाज, प्रसूतीच्या खोलीतला,
रात्री तीनचा, दुसऱ्या कुणाला सांगणारा:
अंग सोड, बाई.

बोटं उघडली.

पतंग पालथा पडला, पाण्यात पडावा तसा, सावकाश.
एका पोरानं विचारलं, "कोणाचा कटला?"
कोणाचाच नाही, बाळा. इथं कटत नसते.

दोऱ्या फळीवर इंग्रजी आठाच्या आकारात गुंडाळल्या,
गाठी सुखदासनं एकेक ओढून पाहिल्या,
जाळ्याच्या पाहतो तशाच.
गावातला वेल्डर फवारणी पंपाची तीन चाकं घेऊन
गाडा जोडून बसला आहे, रोज विचारतो,
सिस्टर कधी बसणार?
सुखदास म्हणतो, अजून नाही. अजून वीस वेळा सोडू द्या.

जाताना मी माझ्या टाचांच्या रेघा मोजल्या.
अकरा पावलं.
आषाढात तिथं छातीइतकं पाणी असेल.